सूर्यच नसलेल्या ग्रहांवर आणि त्यांच्या चंद्रांवर जीव असू शकेल का?

मृगव्याध (धागाकर्ता)

मृग सध्या तिन्हीसांजेलाच पूर्वेला वर आलेला असतो. त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे ओळखले की खाली एक धुरकट ठिपका दिसतो, एम ४२ तेजोमेघ. मी तो बारा-तेरा वर्षं बघतोय, आधी साध्या बायनॉक्युलरमधून आणि आता सहा इंची दुर्बिणीतून, आणि इतकी वर्षं माझ्यासाठी ती ताऱ्यांची बाळंतिणीची खोली होती, बस. २०२३ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने घेतलेल्या फोटोंमध्ये त्याच ठिपक्यात गुरूच्या आसपासच्या वस्तुमानाच्या पाचशेच्या वर वस्तू सापडल्याचं जाहीर झालं. कुठल्याही ताऱ्याभोवती न फिरणाऱ्या. त्यात चाळीसेक तर जोड्या आहेत, एकमेकींभोवती फिरणाऱ्या, असं तेव्हा म्हटलं गेलं (या जोड्यांवर नंतर आक्षेप आले, बऱ्याचशा मागचे दूरचे तारे असाव्यात असं एक मत आहे). तेव्हापासून तो ठिपका बघताना मन त्या दिवे नसलेल्या गोळ्यांकडेच जातं.

तर असे ग्रह दोन प्रकारे होतात. काही ताऱ्यासारखेच ढगातून स्वतंत्र जन्मतात पण तारा व्हायला वस्तुमान पुरत नाही. आणि काही नीट कुठल्यातरी सूर्याभोवती जन्मलेले असतात, पण सुरुवातीच्या धक्काबुक्कीत एखादा मोठा ग्रह त्यांना गोफणीतल्या दगडासारखा बाहेर भिरकावतो. आपल्याकडेही गुरू, शनी, युरेनस, नेपच्यूनशिवाय पाचवा एक मोठा ग्रह होता आणि तो असाच हाकलला गेला असावा, अशी मांडणी डेव्हिड नेस्वोर्नी यांनी २०११ मध्ये केली होती.

आता सूर्य गेला की काय होतं त्याचा हिशोब बघा. पृथ्वीच्या पोटातून दर चौरस मीटरला साधारण ०.०९ वॉट उष्णता वर येते. सूर्याची जी शोषली जाते ती सरासरी २४० वॉट. म्हणजे सूर्य काढून घेतला तर जमिनीवर साधारण उणे २३८ अंश. नायट्रोजन उणे २१० ला गोठतो आणि ऑक्सिजन त्याच्या थोडं खाली, म्हणजे आपली सगळी हवा बर्फ होऊन खाली पडणार, थर भरेल जेमतेम दहा मीटरचा. समुद्रसुद्धा तळापर्यंत गोठेल, कारण आपले समुद्र सरासरी ३.७ किमीच खोल आहेत आणि पोटातली ऊब पाणी राखायला याहून बऱ्याच जाड बर्फाची दुलई मागते.

इथे बहुतेक लोक विषय सोडून देतात. मला वाटतं खरा विषय इथेच सुरू होतो.

१९९९ साली कॅलटेकच्या डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी 'नेचर'मध्ये एक छोटासा लेख लिहिला. मुद्दा असा की ग्रह जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती हायड्रोजनचं जाड आवरण असू शकतं, सूर्याजवळ राहिला तर अतिनील किरण ते हळूहळू उडवून लावतात, पण लवकर बाहेर फेकला गेला तर उडवणारं कुणी नाही. आणि हायड्रोजन इतक्या थंडीतही वायूच राहतो, शिवाय दाब भरपूर असला की उष्णता अडवतो. आपली आजीची गोधडी स्वतः गरम नसते, आपलीच ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसंच. पृथ्वीएवढ्या ग्रहावर अशी गोधडी असेल तर नुसत्या पोटातल्या उष्णतेवर पृष्ठभागावर पाणी राहू शकेल असं त्यांचं गणित सांगतं. आणि गोधडी नसली तरी डोरियन अ‍ॅबट आणि एरिक स्विट्झर यांनी २०११ मध्ये दाखवलं की पृथ्वीच्या साडेतीनपट वस्तुमान आणि त्याच प्रमाणात पाणी असलं तर बर्फाखाली समुद्र टिकेल.

चंद्रांबद्दल खाली लिहितोच, पोस्ट लांबतेय. माझं म्हणणं एवढंच की सूर्य नाही म्हणजे जीव नाही हे आपण फार पटकन म्हणतो. आपल्याच समुद्राच्या तळाशी, १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ अडीच किमी खोल 'अल्विन' पाणबुडीला कोमट झऱ्यांभोवती जीवांची वस्ती सापडली, नंतर तिथलेच मीटर-दोन मीटर लांब ट्यूब वर्म प्रसिद्ध झाले. तिथे सूर्याचा संबंधच नाही. तुम्हाला काय वाटतं?

प्राची

खूप दिवसांनी असा धागा. वाचतेय, चंद्रांचं लवकर येऊद्या.

अण्णा_सांगलीकर

मृगव्याध, लेख आवडला. माझा प्रश्न अगदी साधा आहे. उजेड नाही, कुणाभोवती फिरत नाही, मग हे ग्रह आहेत हे कळतं कसं? मी रिटायर्ड माणूस आहे, सायन्सचा नाही, समजेल असं सांगा.

मृगव्याध

अण्णा, प्रश्न साधा नाही, हाच मुख्य प्रश्न आहे. दोन रस्ते आहेत.

एक म्हणजे तरुण ग्रह. नुकताच जन्मलेला मोठा ग्रह आतून तापलेला असतो, इन्फ्रारेडमध्ये चुलीतल्या निखाऱ्यासारखा मंद दिसतो. डिसेंबर २०२१ मध्ये वृश्चिक आणि भुजंगधारी या भागात असे ७० ते १७० ग्रह सापडल्याचं जाहीर झालं, वीस वर्षांचे मिळून ८०,००० फोटो चाळून. आकडा इतका सैल का, तर वस्तुमान ठरवायला वय माहीत लागतं आणि त्या तारकासमूहाचं वय ३० लाख वर्षं की १ कोटी यावर उत्तर बदलतं. जानेवारीअखेर पहाटे पाचच्या सुमारास आग्नेयेला लालसर ज्येष्ठा दिसते ना, त्याच भागात.

दुसरा रस्ता मायक्रोलेन्सिंग. दूरच्या ताऱ्यासमोरून अंधारातला ग्रह गेला की त्याचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं काम करतं आणि तो तारा थोडा वेळ उजळतो. ग्रह जितका हलका तितका हा वेळ कमी. गुरूएवढा असेल तर दीड-दोन दिवस, पृथ्वीएवढा असेल तर काही तासच. २०१६ मध्ये नोंदलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका घटनेत हा सगळा खेळ ४२ मिनिटांच्या मानाचा होता, म्हणजे ग्रह मंगळ ते पृथ्वी यांच्यामधला कुठला तरी. मला याची चुटपुट लागते, कारण ती रांग परत कधीच जुळत नाही. ४२ मिनिटं ओळख आणि मग तो ग्रह कायमचा अंधारात.

चिकित्सक

विषय उत्तम आहे पण थोडं सबुरीने. २०११ मध्ये मायक्रोलेन्सिंगने शोध घेणाऱ्या एमओए गटाने सांगितलं होतं की गुरूसारखे मोकळे ग्रह ताऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहेत, सगळीकडे बातम्या झाल्या. २०१७ मध्ये ओगले या तशाच दुसऱ्या गटाच्या कितीतरी जास्त डेटावरून निघालं की चार ताऱ्यांमागे फार तर एक. २०२३ चा अंदाज वेगळा, त्यात छोटे ग्रह धरून एका ताऱ्यामागे वीसेक, पण त्यातली अनिश्चितता प्रचंड आहे. खालच्या टोकाला आठ, वरच्या टोकाला चाळीसच्या पुढे. तेव्हा कुठलाही आकडा घेऊन त्यावर मजले चढवू नयेत. नासाची रोमन अवकाश दुर्बीण वर गेली आणि आकाशगंगेच्या मध्याकडे दर काही मिनिटांनी फोटो काढायला लागली की मग बोलू.

सायली_जीवशास्त्र

मृगव्याध, धागा फार आवडला म्हणूनच एक दुरुस्ती करते, राग मानू नका. ट्यूब वर्मचं उदाहरण इथे चालत नाही. मी अकरावी-बारावीला हेच शिकवते आणि दरवर्षी मुलंही हेच लिहितात.

ट्यूब वर्मला तोंड नसतं, पोट नसतं. त्याच्या आत जिवाणू असतात, ते झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडमधून ऊर्जा काढून दोघांचं पोट भरतात. इथपर्यंत सूर्य नाही, खरं आहे. पण ती ऊर्जा काढायला सल्फाइडची ऑक्सिजनशी गाठ घालावी लागते, त्या अळीचा तो लालभडक पिसारा हिमोग्लोबिनने भरलेला असतो तो त्यासाठीच. आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आला कुठून? वरच्या उन्हातल्या शेवाळांनी आणि झाडांनी बनवलेला. म्हणजे अडीच किमी खाली, ठार काळोखात बसलेली ती अळी श्वास घेते तो सूर्याचाच. भटक्या ग्रहावर ती घटकाभर टिकणार नाही.

म्हणून 'ऊब आहे का, पाणी आहे का' एवढं पुरत नाही. जेवण काय आहे ते विचारायला हवं. जेवण म्हणजे दोन अशी रसायनं जी एकमेकांना भेटायला आतुर आहेत पण आपणहून लवकर भेटत नाहीत, आणि मधे जीव बसून ती गाठ घालून देतो आणि दलाली खातो. सगळं बंद डब्यात अब्जावधी वर्षं पडून राहिलं की हळूहळू सगळ्या गाठी पडून जातात. मग पाणी कोमट असलं तरी उपाशी.

मृगव्याध

सायलीताई, राग कसला, हे मला खरंच लक्षात आलं नव्हतं. ती ओळ मागे घेतो. (वर तशीच ठेवतोय म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ लागेल.) मग असं कुठलं जेवण आहे का जे सूर्याशिवाय अब्जावधी वर्षं मिळत राहील?

सायली_जीवशास्त्र

आहे. आणि ते उदाहरण माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ म्पोनेंग नावाची सोन्याची खाण आहे. २.८ किमी खोल, खडकाच्या भेगेतल्या ६० अंशांच्या पाण्यात एक जिवाणू सापडला, २००८ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. त्या पाण्यात ९९.९ टक्क्यांहून जास्त तो एकटाच. तिथल्या खडकात युरेनियम आहे, त्याच्या किरणोत्सारामुळे पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन सुटतो. दुसऱ्या बाजूला त्याच प्रक्रियेतून खडकातल्या गंधकाचं सल्फेट होतं. हायड्रोजन आणि सल्फेट, झालं जेवण. कार्बन आणि नायट्रोजनही तो स्वतःच आजूबाजूच्या खडक-पाण्यातून मिळवतो. आणि युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४.४७ अब्ज वर्षं लागतात, म्हणजे ही खानावळ लवकर बंद होत नाही.

दुसरं जेवण, गरम पाणी आणि ऑलिव्हिनसारखं खनिज भेटलं की सुद्धा हायड्रोजन सुटतो. अटलांटिकच्या मध्यावर २००० साली 'लॉस्ट सिटी' नावाची झऱ्यांची जागा सापडली तिथे हेच चालतं. आणि शनीच्या एन्सेलाडस चंद्राच्या फवाऱ्यांमधून कॅसिनी यान गेलं तेव्हा तिथेही हायड्रोजन मिळाला, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनवर जगून मिथेन सोडणारे जीव आपल्याकडे आहेतच, गोबरगॅसच्या टाकीत त्यांचे भाऊबंद असतात.

पण मिळकत फार तुटपुंजी असते. अशा खोल खडकातल्या पेशी खूप सावकाश जगतात, काहींची एक पेशी दोन व्हायला शेकडो ते हजारो वर्षं लागत असावीत असे अंदाज आहेत. मासे, झाडं वगैरे काही डोळ्यासमोर आणू नका.

कातळ

सायलीताई, तुमच्या म्पोनेंगला आपल्या घराजवळचं भावंड आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप माहितीये सगळ्यांना. धरणामुळे तिथे भूकंप का होतात ते कळावं म्हणून कोयना भागात गोठणे इथे ३ किमी खोल विवर पाडलं, कराडला त्याची प्रयोगशाळा आहे. वरचा किलोमीटरभर आपला काळा कातळ, डेक्कन ट्रॅप, आणि त्याखाली अडीच अब्ज वर्षांच्या घरातला जुना ग्रॅनाइट. त्या खालच्या खडकांच्या नमुन्यांत आयआयटी खरगपूरच्या लोकांना जिवाणूंचा डीएनए मिळाला, हायड्रोजन, मिथेन, कार्बन डायऑक्साइड यांच्यावर जगणाऱ्यांच्या खुणा. आपण महाबळेश्वरला जाताना ज्या डोंगरांवरून जातो त्यांच्याखाली हे चालू आहे.

आणि पोटातली ऊब म्हणजे काय ते हाताला कळायला हवं असेल तर संगमेश्वरजवळ तुरळला जा. मी मे महिन्यात गेलो होतो, कुंडाच्या कडेला गंधकाचा वास, पायरीवर पांढरट थर धरलेला, हात घातला आणि चटकन काढला. ज्वालामुखी नाही काही नाही, पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तापतं आणि परत वर येतं. ही ऊब सूर्याची नाही. निम्म्याच्या आसपास युरेनियम, थोरियम, पोटॅशियमची, बाकीची पृथ्वी बनली तेव्हाची शिल्लक.

अण्णा_सांगलीकर

तुरळला मी १९८४ ला गेलोय, आमच्या वडिलांचे गुडघे दुखायचे म्हणून. तेव्हा असा विचार कधी केला नव्हता. चंद्रांचं राहिलं की हो.

झोका

चंद्रांचं मी लिहू का? माझा आवडता विषय आहे, मृगव्याध चालेल ना.

एखादी लोखंडी तार घ्या आणि एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहा, वीस-पंचवीस वेळा. मग ती जागा ओठाला लावून बघा. चटका बसतो. कुणी तापवली नाही, नुसतं वाकवलं. गुरूचा चंद्र आयो असाच तापतो. त्याची कक्षा किंचित लांबट आहे, त्यामुळे कधी गुरूच्या जवळ कधी लांब, आणि दर ४२ तासांनी त्याची जमीन १०० मीटरच्या घरात वरखाली होते. २ मार्च १९७९ ला पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांचा पेपर आला की आयो आतून वितळलेला असणार, आणि आठवडा उलटायच्या आत व्हॉयेजर-१ च्या फोटोत लिंडा मोराबितो यांना त्यावरचा ज्वालामुखी दिसला. गणित आधी आणि डोळ्यांनी नंतर, असं फार क्वचित होतं.

आता यात सूर्य कुठे आहे? कुठेच नाही. गुरूला उचलून अंधारात नेऊन ठेवा, आयो तापतच राहील आणि शेजारच्या युरोपाच्या बर्फाखालच्या समुद्रालाही फारसं काही कळणार नाही. म्हणून मला वाटतं भटक्या ग्रहापेक्षा भटक्या ग्रहाच्या चंद्रावर जास्त आशा ठेवावी.

एक मोठी अट आहे. हे वाकवणं-ताणणं स्वतःच कक्षा गोल करत आणतं आणि कक्षा गोल झाली की वाकवणं थांबतं. एकटा चंद्र असेल तर काही काळाने थंड होणार. आयोचं चालू आहे कारण तो चार फेऱ्या मारतो तेव्हा युरोपा दोन आणि गॅनिमीड एक मारतो, झोपाळ्यावरच्या पोराला दर वेळी नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं ते एकमेकांना देत राहतात. तेव्हा चंद्रांचं कुटुंबच्या कुटुंब ग्रहासोबत बाहेर पडायला हवं.

मग ग्रह हाकलला जाताना चंद्र सुटून नाही का जाणार? लांबचे जातात, अगदी जवळून फिरणारे टिकतात. २०२३ मध्ये जुलिया रोचेत्ती आणि सहकाऱ्यांनी याची गणितं केली, आणि त्यात एक गोष्ट छान निघाली की त्या धक्काबुक्कीत टिकलेल्या चंद्रांच्या कक्षा लांबट होतात. म्हणजे घरातून हाकलतानाच चूल पेटवून दिल्यासारखं.

चिकित्सक

झोका, उत्तम लिहिलंय. त्या चंद्रावर वातावरण असेल तर? २०२१ च्या एका अभ्यासात (आविला, ग्रासी वगैरे) पृथ्वीएवढा चंद्र आणि कार्बन डायऑक्साइडचं वातावरण धरलं होतं.

झोका

हो, त्यात पाणी तयार होतं, पण आपल्या समुद्रांच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढंच. तरी आपल्या हवेतल्या बाष्पाच्या शंभरपट. अडचण वेगळीच आहे, कार्बन डायऑक्साइड थंडीत स्वतःच गोठतो, आपल्याकडे आइस्क्रीमच्या पेटीत ड्राय आइस उणे ७८ ला असतो तोच. गोधडीच गोठून जमिनीवर पडली तर पांघरणार काय? म्हणून परत मृगव्याधांच्या हायड्रोजनकडे यावं लागतं. आणि पृथ्वीएवढा चंद्र आपल्या सूर्यमालेत एकही नाही, सगळ्यात मोठा गॅनिमीड, त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं. त्यामुळे मी तरी युरोपासारखे बर्फाळ चंद्रच धरून चालतो.

सायली_जीवशास्त्र

इथे एक मला खटकतंय. आपल्या युरोपाला पृष्ठभागावर गुरूच्या चुंबकीय पट्ट्यातले कण सारखे आपटतात, बर्फाचे रेणू फोडतात, त्यातून ऑक्सिजनसारखी रसायनं बनतात आणि ती खाली समुद्रात झिरपत असतील तर ते मोठं जेवण आहे. भटक्या ग्रहाला हे कण मिळतील का?

झोका

ताई, चांगला प्रश्न. युरोपाजवळचे ते कण मुख्यतः आयोच्या ज्वालामुखीतूनच आलेले असतात आणि गुरूच्या स्वतःच्या फिरण्याने वेग घेतात. सूर्याचा वाटा कमी. म्हणजे आयोसारखा एक भाऊ सोबत असेल तर मिळायला हवेत.

सायली_जीवशास्त्र

मग माझा विरोध बराच कमी झाला. एक भाऊ आग ओकणार आणि दुसऱ्याचं पोट भरणार. आता युरोपा क्लिपरची वाट बघते, ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, २०३० ला गुरूजवळ पोचेल. तिथे बर्फाखाली काहीतरी चाललंय असं कळलं तर हा धागा परत वर काढू.

अण्णा_सांगलीकर

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, बायकोलाही वाचून दाखवले. तिने विचारलं की तशा चंद्रावर उभं राहिलं तर आकाशात काय दिसेल?

मृगव्याध

काकूंना सांगा, सगळीकडे तारे, तेही कायम, कारण सूर्य उगवतच नाही. आणि मधे एक मोठं काळं वर्तुळ, जिथे एकही तारा नाही. तो त्यांचा ग्रह. वादळात विजा चमकल्या किंवा ध्रुवाजवळ अरोरा (ध्रुवीय प्रकाश) झाला तर तेवढाच उजेड. पण राहणारा बर्फाखाली असला तर पंधरा-वीस किलोमीटर बर्फ डोक्यावर, त्याला यातलं काही दिसणार नाही.

अण्णा_सांगलीकर

म्हणजे वर काही आहे हे त्याला कधी कळणारच नाही?

झोका

अण्णा, कळू शकेल. पाणी ठराविक वेळाने वरखाली होतं, डोक्यावरचा बर्फ ताणला जातो आणि कुरकुरतो. युरोपावर हा हेलकावा साडेतीन दिवसांचा आहे. त्या मोठ्या हेलकाव्यात शेजारच्या चंद्रांचे छोटे हेलकावे मिसळलेले असतात, प्रत्येकाचा काळ वेगळा. कुणी नीट मोजत बसला तर बर्फाच्या वर एक फार जड काहीतरी आहे आणि आणखी दोन-तीन गोळे त्याच्याभोवती फिरतायत इतकं तो आकाश न बघता काढू शकेल. तारे मात्र नाही कळायचे, त्यांची ओढ तिथवर पोचत नाही.